जुन्या फोटोतला गणवेश वाचायचा कसा?

जुन्या बाजारात, आजोळच्या ट्रंकेत, नाहीतर इंग्लंडात स्थायिक झालेल्या एखाद्या नातेवाइकाच्या अल्बममध्ये पुठ्ठ्यावर डकवलेला तपकिरी फोटो हाती लागतो. मिशीला पीळ दिलेला माणूस, अंगात बटणांचा डगला, एक हात खुर्चीच्या पाठीवर. मागे नाव नाही. पाहणारा लगेच विचारतो, "कर्नल असेल का हो?" बहुतेक वेळा नसतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळात, म्हणजे १८३७ ते १९०१ मध्ये, गणवेश घालून स्टुडिओत गेलेल्यांत साधे शिपाई, सार्जंट आणि हौशी स्वयंसेवक यांचा भरणा मोठा. घरी पाठवायला स्वस्तातला फोटो त्यांनाच हवा असे.

नवख्या माणसाने "हा कोण?" या प्रश्नापासून सुरुवात करू नये. आधी विचारायचं, हा फोटो कोणत्या वर्षाआधीचा असूच शकत नाही? ब्रिटिश सैन्यात टोपी बदलली, मनगटाची पट्टी बदलली, हुद्द्याची खूण कॉलरवरून खांद्यावर गेली, तरी प्रत्येक बदलाचा हुकूम निघे आणि त्यावर तारीख असे. नवी वस्तू त्या तारखेआधीच्या फोटोत येणं शक्य नाही. जुनी वस्तू मात्र वर्षानुवर्षं रेंगाळते. निवृत्त अधिकारी समारंभाला जुनाच डगला चढवतो, आणि स्वयंसेवकांच्या तुकड्यांना नवं सामान उशिरा पोचतं. म्हणून फोटोतली सगळ्यात जुनी वस्तू पाहून हुरळून जाऊ नका, सगळ्यात नवी शोधा. पुढचं सगळं या एका नियमावर चालतं.

आधी पुठ्ठा, मग माणूस

फोटो कशावर आहे ते पाहा. चांदीच्या पत्र्यावर असेल आणि तिरपा धरल्यावर आरशासारखा चमकत असेल, तर तो डॅगेरोटाइप, साधारण १८४० ते १८६० मधला. काचेवरचा अँब्रोटाइप १८५० च्या दशकाच्या मध्यापासून दिसतो, लोखंडी पत्र्यावरचा टिनटाइप त्यानंतर लगेचच. या प्रकारांत चित्र बहुधा आरशातल्यासारखं उलटं येतं. तलवार उजव्या कमरेला आणि पदकं उजव्या छातीवर दिसली, तर माणूस विचित्र नाही, फोटो उलटा आहे. स्कॅन केल्यावर एक प्रत आडवी उलटवून ठेवा आणि पुढचं काम त्या प्रतीवर करा. कागदावरच्या फोटोत ही भानगड नसते.

कागदी फोटोंत दोन आकार सारखे भेटतात. सुमारे ६ बाय १० सेंटिमीटरचं कार्ट-द-व्हिझिट, ज्याची लाट १८६० च्या सुमारास इंग्लंडात आली. आणि सुमारे ११ बाय १६.५ सेंटिमीटरचं कॅबिनेट कार्ड, जे १८६६ पासून मिळतं. पातळ पुठ्ठा, चौकोनी कोपरे, पूर्ण उंचीचा माणूस आणि शेजारी एखादा खांब किंवा पडदा असेल, तर १८६० चं दशक मनात धरा. कोपरे गोल आणि पुठ्ठा जाड झाला की १८७० नंतर. काळा, गडद हिरवा किंवा जांभळट पुठ्ठा आणि सोनेरी कड दिसली की १८८० किंवा त्यापुढे. मागच्या बाजूला फोटोग्राफरचं नाव आणि पत्ता असतो, तो टिपून ठेवा. त्या काळच्या व्यापारी डिरेक्टऱ्यांत स्टुडिओ कोणत्या वर्षी कोणत्या रस्त्यावर होता ते सापडतं, आणि कित्येकदा गणवेशापेक्षा हा पत्ताच तारीख जास्त घट्ट बांधतो. ऑल्डरशॉट, कोल्चेस्टर, पोर्टस्मथ अशी छावणीची गावं असतील तर माणूस पगारी सैनिक असण्याची शक्यता वाढते.

हे सगळं भिंगाखाली आणि तिरप्या उजेडात करा. स्कॅन निदान १२०० डीपीआयचा हवा, आणि पुढची-मागची बाजू दोन्ही. फोटो पुठ्ठ्यावरून सोडवायचा नाही, ओल्या कापडाने पुसायचा तर मुळीच नाही.

रंग फसवतात

नवखे सगळ्यात जास्त इथे घसरतात. त्या काळच्या, फोटो टिपणाऱ्या काचा निळ्या प्रकाशाला तत्परतेने आणि लाल-पिवळ्याला जवळजवळ नाहीच असा प्रतिसाद देत. परिणामी ब्रिटिश पायदळाचा प्रसिद्ध लालभडक डगला फोटोत काळपट येतो. पिवळी कॉलर काळवंडते, फिकट निळी फीत पांढरी वाटते. सोनेरी जरही बरेचदा गडद पडते, चंदेरी मात्र उजळ राहते. म्हणजे तोफखान्याचा गडद निळा, रायफल पलटणींचा काळसर हिरवा आणि लाइन पायदळाचा लाल हे तिन्ही डगले शेजारीशेजारी ठेवले तर एकाच कापडाचे वाटू शकतात. "डगला काळा आहे, म्हणजे लाल नव्हता" हे अनुमान करायचं नाही. रंगाऐवजी कापड कसं बेतलंय, कशावर काय शिवलंय ते पाहायचं.

पांढरा मात्र पांढराच येतो, आणि त्याचा पुढे फार उपयोग आहे. हाताने रंगवलेल्या फोटोंत गालावर गुलाबी आणि बटणांवर सोनेरी ठिपके असतात. रंग भरणाऱ्याने मूळ गणवेश डोळ्यांनी पाहिला होता की अंदाजाने कुंचला फिरवला, हे कळायला मार्ग नाही. त्यांना दुय्यम पुरावा माना.

डोक्यावर काय, टेबलावर काय

टोपी डोक्यावर नसेल तर शेजारच्या टेबलावर किंवा मांडीवर शोधा, फोटोग्राफर ती चौकटीत आणतच असे. पायदळाची उंच, पुढे चोच असलेली शाको १८७८ पर्यंत चालली. त्या वर्षी निळ्या कापडाचं टोकदार हेल्मेट आलं. हेल्मेटच्या माथ्यावर टोकाऐवजी गोळा असेल तर बहुधा तोफखाना, कारण तिथे १८८१ मध्ये टोक काढून गोळा बसवला गेला. त्याआधी तोफखाना केसाळ बझबी घालत असे. रोजच्या वापरात पायदळाची मागे दोन फिती सोडलेली ग्लेनगॅरी १८६८ च्या सुमारास सगळ्या पलटणींत पसरली आणि १८९४ मध्ये बाजूने घडी पडणाऱ्या फील्ड सर्व्हिस टोपीने तिची जागा घेतली. एका कानावर कलती, हनुवटीच्या पट्ट्याने कशीबशी टिकलेली डबीसारखी छोटी टोपी म्हणजे घोडदळ, तोफखाना किंवा इंजिनियर.

घोडदळ तसं सोपं. छातीवर आडव्या गोफांच्या सहा ओळी आणि डोक्यावर बझबी, तर हुसार. माथ्यावर चौकोनी सपाट फळी असलेली टोपी, तर लान्सर. तुऱ्याचं धातूचं हेल्मेट, तर ड्रॅगून. पण छातीवरचे गोफ पाहून लगेच हुसार म्हणू नका. पायदळाच्या अधिकाऱ्यांची गस्तीची (पॅट्रोल) जाकिटं आणि बँडवाल्यांचे डगलेही गोफांनी भरलेले असतात. पायात टाचेला स्पर आहेत का पाहा. घोड्यावरचा माणूस स्टुडिओतही ते काढत नसे.

टोपीवर किंवा पट्ट्याच्या कुलपावर मुकुट दिसला तर भिंग आणा. व्हिक्टोरियाच्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या असतात. १९०१ नंतर एडवर्डच्या काळात त्या वर फुगून घुमटासारख्या झाल्या. घुमट दिसला की तुमचा फोटो व्हिक्टोरियन नाही, मग पुठ्ठा कितीही जुना वाटो.

कॉलर, खांदा आणि मनगट

माझ्या मते खरी मजा या तीन जागांत आहे. लोक चेहरा आणि पदकं पाहत बसतात, उत्तर मनगटावर असतं.

१ जुलै १८८१ ही तारीख पाठ करून टाका. त्या दिवशी ब्रिटिश पायदळाच्या पलटणींचे जुने क्रमांक गेले आणि त्यांना परगण्यांची नावं मिळाली. सतरावी पलटण लीस्टरशायर झाली, अशा तऱ्हेने. त्याच वेळी कॉलर आणि मनगटाच्या कापडाचे रंगही सरसकट ठरले: राजघराण्याशी जोडलेल्या पलटणींना निळा, इंग्लंड-वेल्सच्या बाकी पलटणींना पांढरा, स्कॉटिश पिवळा, आयरिश हिरवा. लाल डगला काळपट येतो आणि पांढरं पांढरंच येतं, हे आठवा. काळ्या दिसणाऱ्या डगल्यावर शुभ्र कॉलर आणि शुभ्र मनगट दिसलं, तर १८८१ नंतरची इंग्लिश किंवा वेल्श पलटण ही पहिली शक्यता धरा. १८८१ आधीही काही पलटणींचं कापड पांढरं होतं, म्हणून मनगटाचा आकार तपासायचा. १८८१ ते १९०२ मध्ये शिपाई-सार्जंटांच्या मनगटाला साधी गोल पट्टी असे, सैनिक तिला जॅमची बरणी म्हणत. त्याआधी टोकदार पट्टी. त्याहीआधी, १८५६ पासून बारा-एक वर्षं, तीन बटणांची उभी झडप असलेली.

खांद्याच्या पट्टीवर आकडा दिसतो का? तर १८८१ च्या आधीचा पायदळवाला, आणि पलटण तुमच्या हातात आली. अक्षरं असतील तर नंतरचा. बटणंही बोलतात, पण १८७१ पर्यंतच. त्यानंतर साध्या शिपायांच्या बटणांवर पलटणीच्या क्रमांकाऐवजी सरसकट राजचिन्ह आलं. अधिकाऱ्यांनी आपली बटणं राखली.

अधिकाऱ्यांच्या हुद्द्यात मोठा खड्डा आहे. १८५५ ते १८८० या काळात मुकुट आणि तारे कॉलरवर होते: तारा म्हणजे एन्साइन (सगळ्यात खालचा अधिकारी), मुकुट म्हणजे लेफ्टनंट, दोन्ही म्हणजे कॅप्टन. मेजरपासून वरच्यांनाही हीच चिन्हं, फक्त कॉलरवर जर जास्त. १८८० मध्ये चिन्हं खांद्यावर गेली आणि हिशेब बदलला. सेकंड लेफ्टनंटचा खांदा रिकामा, लेफ्टनंटला एक तारा, कॅप्टनला दोन. १९०२ मध्ये या तिघांना एकेक तारा वाढवून मिळाला. आजच्या भारतीय सेनेत दोन तारे म्हणजे लेफ्टनंट, त्यामुळे आपल्याकडचा माणूस १८९० च्या फोटोतल्या कॅप्टनला बेधडक खाली उतरवतो.

शिपायांत दंडावरच्या फितींचं टोक खाली असतं: दोन फिती कॉर्पोरल, तीन सार्जंट. मनगटाजवळ टोक वर केलेल्या फिती दिसल्या तर तो हुद्दा नव्हे. ती चांगल्या वर्तणुकीची, म्हणजे इतकी वर्षं शिक्षेविना काढल्याची खूण. मनगटाजवळ चार फिती असलेला माणूस बहुधा जुना, मुरलेला साधा शिपाई असतो. घरच्यांना मात्र तो हमखास सार्जंटच्याही वरचा कुणीतरी वाटतो.

आणखी एक सोपी खूण: खांद्यावरून तिरका गेलेला रेशमी किंवा लोकरी शेला. पायदळाच्या अधिकाऱ्याचा शेला डाव्या खांद्यावरून, सार्जंटचा उजव्या खांद्यावरून. फोटो उलटा नाही याची आधी खात्री करा.

पदकं

पदक म्हणजे तारखेची पक्की खालची मर्यादा. क्रिमियाचं १८५४ च्या युद्धाचं, १८५७-५८ च्या उठावाचं, १८७८-८० च्या दुसऱ्या अफगाण युद्धाचं, १८८२ पासूनच्या इजिप्तचं, १८९९ पासूनच्या दक्षिण आफ्रिकेचं. स्कॅन मोठा केल्यावर फितीवरच्या धातूच्या पट्टीवर लढाईचं नाव वाचता आलं तर उत्तमच. फितीच्या रंगांवर भिस्त नको. इजिप्तच्या पदकाची फीत निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची आहे, आणि निळा उजळ येत असल्यामुळे पट्टे एकमेकांत विरून जातात.

पाच टोकांचे कांस्य तारे दोन आहेत आणि त्यांची सतत गल्लत होते. इजिप्तच्या खेदिवाने, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याने, दिलेला तारा चंद्रकोर-चांदणी असलेल्या आडव्या पट्टीला लटकतो आणि त्याच्या मध्यात स्फिंक्स व पिरॅमिड असतात. काबूल ते कंदाहार कूच केलेल्यांना दिलेल्या १८८० च्या ताऱ्याच्या डोक्यावर मुकुट असतो आणि मध्यात राणीची आद्याक्षरं. दोन्हींत पाच टोकं मोजून थांबू नका, तारा कशाला लटकलाय ते पाहा.

सैनिक नसलेले

१८५९ मध्ये फ्रान्सच्या स्वारीच्या धास्तीने ब्रिटनभर स्वयंसेवकांची फौज उभी राहिली. वकील, दुकानदार, कारकून संध्याकाळी कवायत करत आणि रविवारच्या कपड्यांच्या हौसेने गणवेशात फोटो काढत. राखाडी किंवा हिरवा डगला, बाहीवर वळणदार गोफ, आणि सोनेरीऐवजी चंदेरी जर-बटणं ही त्यांची ओळख. उजव्या मनगटावर जरीचं एक कडं आणि त्यावर छोटे तारे असतील तर नक्कीच स्वयंसेवक. ते कवायतीत पास झाल्याचं चिन्ह आहे.

नौदलात अधिकाऱ्याच्या मनगटावर जरीच्या पट्ट्या असतात आणि वरच्या पट्टीला वेटोळं. साध्या खलाशांना ठरावीक गणवेश १८५७ मध्ये मिळाला. टोपीच्या फितीवर जहाजाचं नाव असेल तर तुमचं अर्धं काम झालं. लहान मुलाच्या अंगातला खलाशी पोशाख मात्र निव्वळ फॅशन. युवराजाचं १८४६ मधलं चित्र लोकांना इतकं आवडलं की घरोघरी तो शिवला गेला.

उरलेल्यांत कॉलरवर आकडा असलेला पोलीस, टोपीवर कंपनीची अक्षरं असलेला रेल्वेचा गार्ड, पितळी हेल्मेटचा अग्निशामक, कॉलरवर इंग्रजी एस असलेला साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेचा माणूस. ही अक्षरं दिसली की लष्कराचा नाद सोडा.

मुंबई इलाख्यातले फोटो

फोटोखाली पुणे, खडकी, देवळाली, अहमदनगर किंवा बेळगावच्या स्टुडिओचा शिक्का असेल तर दोन शक्यता. पांढरं हेल्मेट आणि पांढरा किंवा खाकी डगला घातलेला गोरा सैनिक ब्रिटिश पलटणीचा. खाकी फोटोत मध्यम राखाडी येते, आणि हिंदुस्थानातल्या सैन्यात ती १८८५ च्या सुमारास सर्रास झाली. दुसरी शक्यता मुंबई आर्मीची. ती मद्रास आणि बंगालच्या सैन्याहून वेगळी होती, १८९५ मध्ये तिन्ही एकत्र झाली. म्हणून तोवरच्या पलटणींच्या नावात "बॉम्बे" शोधायचं. १९०३ मध्ये सरसेनापती किचनरने सगळे क्रमांक बदलले. एकशे तीनवी, एकशे दहावी मराठा असे तीन आकडी क्रमांक त्यानंतरचे, व्हिक्टोरियन नव्हेत.

देशी घोडदळाचा सवार लांब कुर्ता, कमरबंद आणि त्यावर चामडी पट्टा अशा वेशात असतो, डोक्यावर पागोटं. नाईक आणि हवालदाराच्या फिती आजच्यासारख्याच, दोन आणि तीन. भारतीय माणसाच्या छातीवर अफगाण युद्धाचं पदक दिसलं तर अफगाणिस्तानातल्या मैवंदची आठवण ठेवा. २७ जुलै १८८० च्या त्या लढाईत मुंबईची ग्रेनेडियर पलटण आणि जेकब्ज रायफल्स होत्या. छातीवर व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च शौर्यपदक मात्र शोधू नका, भारतीय सैनिक त्याला पात्र ठरले ते १९११ मध्ये.

संस्थानी फौजांची गोष्ट निराळी. बडोदा, ग्वाल्हेर, इंदूर, कोल्हापूर यांचे गणवेश त्यांच्या दरबारच्या मर्जीने ठरत, आणि वर दिलेल्या ब्रिटिश तारखा तिथे आंधळेपणाने लावता येत नाहीत. तिरका पट्टा आणि त्यावर पितळी चपरास असलेला माणूस कुणाच्याही फौजेतला नाही. तो कचेरीचा पट्टेवाला.

एक फोटो सोडवू या

समजा, कॅबिनेट कार्ड आहे, गोल कोपरे, ऑल्डरशॉटचा स्टुडिओ. माणूस बसलेला. काळपट डगला, पांढरी कॉलर, पांढरं गोल मनगट. दंडावर टोक खाली असलेल्या तीन फिती, शेला उजव्या खांद्यावरून. टेबलावर ग्लेनगॅरी. एक पदक, शेजारी चंद्रकोरीच्या पट्टीला लटकलेला तारा. भिंगाखाली कॉलरवर वाघ.

फिती आणि शेला जुळतात, म्हणजे पायदळाचा सार्जंट. मनगट आणि कॉलर सांगतात १८८१ नंतर, इंग्लिश किंवा वेल्श. तारा ही मर्यादा १८८२ च्या पुढे ढकलतो, ग्लेनगॅरी १८९४ च्या आसपास वरची सीमा सुचवते. वाघ भारतातल्या सेवेबद्दल काही पलटणींना मिळाला होता: लीस्टरशायर, हॅम्पशायर, यॉर्क अँड लँकेस्टर. यांतली १८८२ च्या इजिप्त मोहिमेत होती ती यॉर्क अँड लँकेस्टर. आता इथे घाई नको. इजिप्तहून परतल्यावर माणूस बदली होऊन लीस्टरशायरमध्ये गेलेला असू शकतो. वाघाजवळ गुलाब आहे का, हे पुन्हा भिंग लावून पाहा. गुलाब असेल तर पारडं यॉर्क अँड लँकेस्टरकडे झुकतं.

नावापर्यंत

गणवेश हुद्दा, पलटण आणि दहा-बारा वर्षांची चौकट देतो. नाव देत नाही. त्यासाठी लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये दोन दप्तरं आहेत: मोहिमांच्या पदकांच्या याद्या डब्ल्यूओ (वॉर ऑफिस) १०० मध्ये आणि पेन्शनीत निघालेल्या सैनिकांच्या नोंदी डब्ल्यूओ ९७ मध्ये. यादीतून त्या पलटणीचे सार्जंट काढायचे आणि ब्रिटनच्या १८८१ व १८९१ च्या जनगणनेशी ताडून पाहायचे. मुंबई आर्मीच्या अधिकाऱ्यांसाठी ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे कागद. आपल्या भागातल्या शिपाई-हवालदारांसाठी घरातल्या सनदा आणि पेन्शनचे कागद आधी धुंडाळा. फोटोसोबत पदकही टिकलं असेल तर त्याची कड उजेडात फिरवून बघा. युद्धपदकांच्या कडेवर बहुधा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. खेदिवाचा तारा मात्र बिननावाचाच दिला जाई, त्याच्या पाठीवर नाव किंवा क्रमांक कोरलेला दिसला तर ते काम मागाहून केलेलं आहे.